सॅम्युअल पीप्स कॉकरेल, कॉट्सवोल्ड्समध्ये हिंदुस्थानी घुमट चढवणारा आर्किटेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या हिरव्यागार टेकडीवर हिरवा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, पुढे तळं, असा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो आणि खाली लिहिलेलं असतं 'इंग्लंडमधला ताजमहाल' किंवा 'कुठल्या महाराजांनी बांधला बघा'. ते घर म्हणजे इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्ड्स नावाच्या टेकड्यांमध्ये असलेलं सीझिनकोट, ते कुठल्याही महाराजांनी बांधलेलं नाही, आणि ज्याने बांधलं त्या आर्किटेक्टचं नाव त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. त्या माणसाबद्दल लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र केलंय.

कोण होता हा कॉकरेल?

सॅम्युअल पीप्स कॉकरेल, जन्म 1753 च्या आसपास, मृत्यू 1827. इंग्लिश आर्किटेक्ट. कंट्री हाऊसेस, चर्चेस, सरकारी कामं, लंडनमधल्या जमिनींचे प्लॅन, असं सगळंच केलं. आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या संस्थेचा सर्व्हेयर होता, म्हणजे त्या संस्थेच्या इमारती, जमिनी, दुरुस्त्या, भाडेपट्टे सगळं बघणारा माणूस. नौदलाचं खातं, अनाथ मुलांचं फाउंडलिंग हॉस्पिटल, सेंट पॉल्स कॅथेड्रल आणि 1806 ते 1824 चक्क ईस्ट इंडिया कंपनी. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढे सगळ्यात कामाला येणार आहे.

पीप्स म्हणजे तो डायरीवालाच का?

हो, तोच, सतराव्या शतकात लंडनची आग आणि प्लेगबद्दल डायरी लिहिणारा सॅम्युअल पीप्स (1633 ते 1703). त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं, वारसा गेला बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे जॅक्सन नावाच्या भाच्याकडे, आणि त्या जॅक्सन घराण्यातली मुलगी ही आपल्या कॉकरेलची आई. म्हणून मुलाला पूर्ण नावच पूर्वजाचं दिलं. यामुळे गुगलवर त्याला शोधायला गेलं की अर्धे रिझल्ट डायरीवाल्याचे येतात, तर शोधताना कॉकरेल हे आडनाव टाकायचंच.

कंट्री हाऊस म्हणजे आपल्याकडचं फार्महाऊस का?

नाही, फार मोठा फरक आहे. वीकेंडला जाऊन राहायचं घर असा अर्थ लावला तर पुढचं काहीच कळणार नाही. कंट्री हाऊस म्हणजे हजारो एकर जमीन, त्यावर कुळं, गावचं चर्च, जंगल, शिकार, आणि या सगळ्याच्या मधोमध मालकाची हवेली. आपल्या सरदारांचा पुण्यात वाडा असायचा पण खरी मुळं गावाकडच्या गढीत आणि इनामात असायची, तसंच काहीसं समजा. तिकडे जमीन असेल तर समाजात मान, जमीन असेल तर पार्लमेंटची सीट मिळवायची सोय. त्यामुळे नवीन पैसा हातात आलेला माणूस सगळ्यात आधी काय करायचा, तर एखादी इस्टेट विकत घ्यायचा आणि आर्किटेक्टला बोलवायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी नवीन पैसा येत होता तो बराचसा बंगालमधून.

शिकला कुठे?

सर रॉबर्ट टेलरच्या हाताखाली. टेलर (1714 ते 1788) हा बँक ऑफ इंग्लंडचा आर्किटेक्ट, लंडनच्या व्यापाऱ्यांसाठी आटोपशीर, नीट प्लॅन केलेले व्हिला बांधण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हतं. आत्ताच्या भाषेत कॉलेज वगैरे नव्हतं, ऑफिसात बसून ड्रॉइंग काढत काढत शिकायचं. त्याच ऑफिसात जॉन नॅशसुद्धा शिकला, हे पुढे ब्रायटनच्या प्रश्नात परत येईल. टेलरकडून कॉकरेलने दोन गोष्टी घेतल्या असं मला वाटतं, एक म्हणजे घर लहान असो मोठं असो खोल्यांची रचना घट्ट ठेवायची, आणि दुसरी म्हणजे सर्व्हेयरच्या नोकऱ्या जमवायच्या, कारण हवेलीचं काम कधी येईल कधी नाही पण सर्व्हेयरचं मानधन चालू राहतं. 1775 च्या सुमारास, म्हणजे विशीतच, तो टॉवर ऑफ लंडनच्या कामांवर देखरेखीला लागला होता.

भारतात कधी आला होता का?

कधीच नाही. ज्या माणसाने युरोपातलं सगळ्यात नावाजलेलं 'हिंदुस्थानी' घर बांधलं त्याने आग्रा बघितलं नाही, दिल्ली बघितली नाही, मुंबईच्या बंदरात पाऊल ठेवलं नाही. सगळं चित्रांवरून आणि भावांनी सांगितलेल्यावरून.

मग भारतातून पैसा करून आलेली गिऱ्हाईकं याच्याकडेच कशी आली?

घरातूनच. त्याचा भाऊ जॉन कॉकरेल कंपनीच्या बंगाल फौजेत कर्नल. दुसरा भाऊ चार्ल्स 1776 मध्ये कंपनीच्या नोकरीत लागला, कलकत्त्यात पोस्टमास्टर जनरल झाला, आणि मग विल्यम पॅक्स्टनबरोबर एका एजन्सी हाऊसमध्ये भागीदार झाला. एजन्सी हाऊस म्हणजे कंपनीच्या साहेबांचे पैसे सांभाळणारी, व्याजाने लावणारी, व्यापार करणारी आणि मुख्य म्हणजे ते पैसे इंग्लंडला पोचवणारी पेढी. आता विचार करा, कोणाकडे किती पैसा आहे आणि कोण कधी परत चाललाय हे ज्या पेढीला माहिती, त्या पेढीतल्या भागीदाराचा सख्खा भाऊ लंडनमध्ये आर्किटेक्ट आहे, तर काम कोणाला मिळणार.

इथून पैसा करून परत गेलेल्या या लोकांना तिकडे 'नबॉब' म्हणायचे, आणि ते काही प्रेमाने म्हणत नसत, जुन्या जमीनदारांना हे नवश्रीमंत अजिबात आवडायचे नाहीत. कॉकरेलची तीन महत्त्वाची कंट्री हाऊसेस बघा: डेल्सफर्ड, मिडलटन हॉल, सीझिनकोट. तिन्हींचे मालक बंगालहून परतलेले. माझं स्पष्ट मत आहे की कॉकरेलला 'एक विचित्र भारतीय घर बांधणारा' म्हणून सोडून दिलं की तो समजतच नाही, कंपनीचा पैसा इंग्लंडात पोचल्यावर त्याचं दगडात रूपांतर कसं व्हायचं हे बघायचं असेल तर याच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

डेल्सफर्ड कोणाचं? त्याचा मराठ्यांशी काय संबंध?

डेल्सफर्ड हे वॉरन हेस्टिंग्जचं. हो, तोच, बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला सालबाईच्या तहात भेटलेलो असतो. मुंबईकर इंग्रजांनी 1775 मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला, कलकत्त्याने तो मोडून 1776 मध्ये पुरंदरचा तह केला, परत लढाई पेटली, जानेवारी 1779 मध्ये वडगावला मुंबईच्या फौजेने शरणागती पत्करली, हेस्टिंग्जने ते मान्यच केलं नाही आणि बंगालच्या फौजा पाठवल्या, आणि शेवटी 17 मे 1782 ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाई झालं आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली. या सगळ्यामागे कलकत्त्यात बसलेला जो माणूस होता त्याचं म्हातारपणीचं घर कॉकरेलने बांधलं.

डेल्सफर्ड ही हेस्टिंग्ज घराण्याची जुनी जमीन, 1715 मध्ये विकली गेलेली. ती परत मिळवायची हे याच्या डोक्यात लहानपणापासून होतं असं सांगतात. 1785 मध्ये भारत सोडला, 1788 मध्ये जमीन विकत घेतली, आणि त्याच वर्षी 13 फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावर महाभियोगाचा खटला सुरू झाला. बनारसचा राजा चेतसिंग याचं प्रकरण, अवधच्या बेगमांचा पैसा, असे आरोप. खटला सात वर्षं चालला आणि 23 एप्रिल 1795 ला तो निर्दोष सुटला. म्हणजे लंडनमध्ये पार्लमेंटपुढे लूट आणि जुलमाचे आरोप वाचले जातायत आणि तिकडे गावी त्याच वर्षांत कॉकरेल हवेलीच्या भिंती चढवतोय. 1793 पर्यंत घर झालं. खटल्याचाच खर्च 70 हजार पौंडांच्या वर गेला, घराचा वेगळा, शेवटी कंपनीने वर्षाला 4000 पौंड लावून दिले तेव्हा कुठे गाडा चालला. 1818 मध्ये तो तिथेच वारला, गावच्या चर्चपाशीच त्याला पुरलंय.

डेल्सफर्डमध्ये भारतीय काय आहे?

फार थोडं, आणि तेच मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. बाहेरून बघितलं तर सरळ क्लासिकल, म्हणजे ग्रीक-रोमन वळणाचं घर. बागेच्या बाजूला मधोमध अर्धगोल भाग पुढे आलेला, खांब, आणि त्यावर एक बसका घुमट, त्याच्या टोकाला कळसासारखं काहीतरी. तेवढ्यावरूनच बघणाऱ्याला 'पूर्वेकडचं' काहीतरी जाणवतं. आत मात्र थॉमस बँक्स या शिल्पकाराने कोरलेली संगमरवरी फायरप्लेस आहे, तिच्या दोन्ही बाजूंना भारतीय स्त्रिया उभ्या. हेस्टिंग्जकडे हस्तिदंती फर्निचरही बरंच होतं. म्हणजे खटला चालू असलेल्या माणसाने भारत घराच्या आत ठेवला, बाहेर जेवढ्यास तेवढा. पुढे दहा-बारा वर्षांनी चार्ल्सने नेमकं उलटं केलं.

आता हे घर खासगी आहे, जेसीबी कंपनीच्या बॅमफर्ड कुटुंबाकडे. रस्त्याकडेला आपण रोज बघतो तीच पिवळी जेसीबी.

सीझिनकोट कोणी आणि कधी बांधलं?

इस्टेट 1795 मध्ये कर्नल जॉनने घेतली. तो 1798 मध्ये गेला. मग ती चार्ल्सकडे आली, चार्ल्स भारतातून परतून खासदार वगैरे झाला होता, पुढे 1809 मध्ये सर ही झाला. त्याने भाऊ सॅम्युअललाच घराचं काम दिलं आणि साधारण 1805 च्या सुमारास ते उभं राहायला लागलं. थोडक्यात मालक एक भाऊ, आर्किटेक्ट दुसरा भाऊ, जमीन तिसऱ्या भावाने घेतलेली.

घर बघताना नेमकं काय बघायचं?

नुसता घुमट बघून पुढे जाऊ नका, जरा थांबून एकेक बघा.

घुमट तांब्याचा, कांद्याच्या आकाराचा, तांबं उघड्यावर राहून हिरवं होतं तो हा रंग. गच्चीच्या चार कोपऱ्यांवर छोट्या छत्र्या. खिडक्यांच्या वर मोरपिसाऱ्यासारख्या पाकळ्या पाकळ्यांच्या कमानी. दाराशी मुघल पद्धतीची उंच कमान, जवळजवळ दोन्ही मजल्यांची उंची घेणारी. आणि छज्जा! भिंतीच्या वरच्या टोकाला सगळीकडून बाहेर आलेला खोल छज्जा, खाली तोडे ओळीने. आपल्याकडे छज्जा असतो उन्हासाठी आणि पावसासाठी, भिंतीवर सावली पडावी, पाणी लांब पडावं म्हणून. ग्लॉस्टरशायरमध्ये ऊन असं असतं किती. तरीही कॉकरेलने तो पुरेसा बाहेर काढला, कारण त्याला कळलं होतं की हा छज्जा काढला किंवा आखूड केला तर सगळी इमारत चपटी दिसेल, वरचा भाग आणि भिंत यांच्यातली ती गडद सावलीची रेघच या शैलीचा जीव आहे. न बघता, फक्त चित्रांवरून एवढं कळणं सोपं नाही.

दगड तिथलाच मधाच्या रंगाचा, कॉट्सवोल्ड्सचा. संध्याकाळच्या उन्हात तो नारिंगीकडे झुकतो आणि मग लाल दगडाची आठवण येते. एका बाजूने काचेची ऑरेंजरी निघते, ती सरळ न जाता गोल वळत जाते आणि टोकाला अष्टकोनी मंडप आहे. त्या काळी तिथे नाजूक झाडं हिवाळ्यात ठेवायचे, आता सीझनमध्ये तिथे चहा-केक मिळतो.

आत पण मुघल महालासारखं आहे का?

अजिबात नाही आणि इथे बऱ्याच लोकांचा विरस होतो. आत सगळं युरोपियन क्लासिकल, उंच खोल्या, ग्रीक वळणाचं नक्षीकाम, मोठा जिना. घराचा प्लॅनही टेलरच्या शाळेतलाच घट्ट इंग्लिश प्लॅन. चौक नाही, जनाना नाही, दिवाणखान्याला लागून ओसरी नाही. लोक याला कमतरता समजतात, मला तसं वाटत नाही. तिथे राहणारा इंग्लिश जमीनदार होता, त्याला जेवायची खोली, लायब्ररी, पाहुण्यांच्या खोल्या लागत होत्या आणि थंडीत ऊब लागत होती. कॉकरेलने राहणं इंग्लिश ठेवलं आणि सगळी हिंदुस्थानी विद्या बाहेरच्या भिंतीत ओतली. फक्त हे कबूल करायला हवं की ती विद्या मुघल आणि हिंदू दोन्हींची सरमिसळ करते, मशिदीच्या वळणाचा घुमट, राजपूत छत्री, बागेत नंदी, असं एकत्र आपल्याकडे कोणी बांधलं नसतं.

नंदी? बागेत नंदी आहे?

आहे, एक नाही अनेक. घराकडे येणाऱ्या रस्त्यावर ओढ्यावरून पूल आहे आणि पुलाच्या कठड्यांवर नंदी बसलेत. वरच्या अंगाला एक छोटं सूर्यमंदिर, आत सूर्याची मूर्ती, पुढे कुंड. तिथून पाणी खाली खाली येतं, पुलाखालून जातं, आणि खालच्या तळ्यात झाडाच्या खोडाला वेटोळं घातलेला धातूचा साप आहे जो कारंजं म्हणून केलेला. ही बाग भारतभर फिरून चित्रं काढलेल्या थॉमस डॅनियल या इंग्लिश चित्रकाराने डिझाइन केली. डॅनियलचं एक पत्र आहे ज्यात तो नंदींची जागा बदलू नका म्हणून आग्रह धरतो आणि सांगतो की खुद्द विश्वकर्म्याने सीझिनकोटमध्ये डोकावून बघितलं तरी तोही हेच म्हणेल. विश्वकर्मा हे नाव 1810 च्या आसपासच्या इंग्लिश पत्रात, तेही बांधकामाच्या चर्चेत सापडतं, मला हे फार आवडतं.

घरासमोरचे हत्ती आणि सरळ रेषेतला कालवा असलेली बाग मात्र जुनी नाही, ती 1960 च्या दशकातली, तेव्हाच्या मालकांनी केलेली. फोटोत ती सगळ्यात पुढे असते म्हणून लोकांना वाटतं तीच मूळ.

महाराष्ट्राशी थेट काही संबंध आहे का?

आहे, आणि तो त्या पुलाखालीच आहे. पुलाला आधार देणारे खांब घारापुरीच्या लेण्यांतल्या खांबांच्या धर्तीवर केलेत. खाली चौकोनी बैठक, वर जाड गोल खांब आणि त्याच्या वर दाबलेल्या उशीसारखा गोल भाग. ज्यांनी गेटवेहून लाँच पकडून एलिफंटा केलंय त्यांना लगेच ओळखू येईल. पुलाखाली पाण्यात ओळीने दगड ठेवलेत, त्यावरून चालत या खांबांमधून जाता येतं.

हे खांब तिथे पोचले कसे? थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम 1786 पासून भारतभर चित्रं काढत फिरले आणि शेवटी 1793 मध्ये मुंबईला आले. मुंबईत त्यांना भेटला जेम्स वेल्स. वेल्स म्हणजे पुण्याच्या दरबारात काम केलेला स्कॉटिश चित्रकार, सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची जी पोर्ट्रेट्स आपण पुस्तकांत बघतो ती काढणारा. त्याला लेण्यांचं वेड होतं, डॅनियल काका-पुतण्यांना त्याने मुंबईच्या आसपासची लेणी दाखवली. वेल्स 1795 मध्ये वारला, त्याने काढलेली वेरूळची चित्रं पुढे थॉमस डॅनियलने 1803 मध्ये लंडनमध्ये छापून आणली. आणि मग दोन-तीन वर्षांत तोच डॅनियल कॉकरेल बंधूंना बागेचे आणि पुलाचे आराखडे देत होता. घारापुरी, पुणे दरबारातला चित्रकार, लंडनचा छापखाना आणि ग्लॉस्टरशायरचा ओढा, अशी ही साखळी आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

मग घराचं श्रेय डॅनियलचं की कॉकरेलचं?

यावर वाद घालणारे खूप आहेत. डॅनियलशिवाय तपशील इतके खरे आले नसते हे उघड आहे, त्याच्या 144 चित्रांच्या मालिकेमुळेच इंग्लंडला पहिल्यांदा भारतीय इमारती नीट मापात बघायला मिळाल्या, त्याआधी जे 'हिंदू' म्हणून चालायचं ते अंदाजपंचे असायचं. पण चित्रकार घर बांधत नाही. छज्जा किती पुढे काढायचा, तो दगडात कसा धरून ठेवायचा, घुमट कुठल्या भिंतींवर बसवायचा, धुरांडी कुठे लपवायची, हे आर्किटेक्टचं काम. घराची कॉकरेलची ड्रॉइंग्ज लंडनमध्ये आर्किटेक्ट्सच्या रॉयल इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहेत. बाग डॅनियलची, घर कॉकरेलचं, मी असंच म्हणेन.

ब्रायटनचा पॅव्हिलियन यावरूनच केला का?

ब्रायटन या समुद्रकाठच्या गावातल्या त्या राजवाड्याला प्रेरणा इथूनच गेली, नक्कल नाही. सीझिनकोटला बागेबद्दल सल्ला द्यायला हम्फ्री रेप्टन आला होता, त्यावेळचा सगळ्यात मोठा लँडस्केप डिझायनर, तो इथलं काम बघून इतका भारावला की प्रिन्स रीजंटला, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, त्याने ब्रायटनसाठी हिंदुस्थानी पद्धतीचा आराखडा दिला. प्रिन्स स्वतःही सीझिनकोटला येऊन गेला. काम मात्र मिळालं जॉन नॅशला, टेलरच्या ऑफिसातल्या त्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, आणि 1815 ते 1823 मध्ये आजचा पॅव्हिलियन झाला. त्याच्या आधीच तिथले घोड्यांचे तबेले विल्यम पोर्डनने हिंदुस्थानी पद्धतीने बांधले होते, आणि पोर्डन हा कॉकरेलच्या हाताखालचा. दोन्ही बाजूंनी धागा इथेच येतो. ब्रायटन जास्त भपकेबाज आहे, सीझिनकोट जास्त समजून केलंय.

वेल्समध्ये पण काहीतरी बांधलंय ना?

मिडलटन हॉल, 1793 ते 1795, चार्ल्सचा पेढीतला भागीदार विल्यम पॅक्स्टनसाठी. हा पॅक्स्टन कलकत्त्याच्या टांकसाळीचा अधिकारी होता. घर पूर्ण क्लासिकल, भारताचा मागमूस नाही. 1931 मध्ये जळलं आणि नंतर पाडलं. त्या जागेवर 2000 मध्ये वेल्सचं नॅशनल बोटॅनिक गार्डन उघडलं.

पॅक्स्टनची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1802 मध्ये तो निवडणुकीला उभा राहिला आणि मतदारांच्या खाण्यापिण्यावर 15,690 पौंड उडवले, हिशोबात 36,901 जेवणं लागलीत, 25,275 गॅलन बिअर लागली, आणि तरीही पडला. त्यानंतर काही वर्षांनी टेकडीवर नौसेनापती नेल्सनच्या नावाने एक तीनकोनी टॉवर कॉकरेलकडून बांधून घेतला. गावात आख्यायिका अशी की निवडणुकीत पूल बांधून देतो म्हणाला होता, लोकांनी पाडलं म्हणून पुलाच्या पैशातून टॉवर बांधला, सगळ्यांना दिसत राहावं म्हणून. टॉवर अजून उभा आहे, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. टेनबी या समुद्रकाठच्या गावात पॅक्स्टनसाठी समुद्रस्नानाचं बाथ हाऊसही कॉकरेलनेच केलं.

चर्चेस कोणती?

बॅनबरीचं सेंट मेरीज, 1790 च्या दशकातलं. लंडनमध्ये सोहोच्या सेंट अ‍ॅन्सचा टॉवर, 1801 ते 1803, वर पिंपासारखा फुगीर भाग आणि त्यात घड्याळं, असा टॉवर दुसरा नाही, चर्च 1940 च्या बॉम्बिंगमध्ये गेलं पण टॉवर वाचला. आणि टिकनकोट, 1792, जिथे जुन्या नॉर्मन, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातल्या शैलीच्या चर्चचा भाग वाचवून बाकीचं त्याच जुन्या पद्धतीने बांधलं, तेव्हा ही कल्पना फारशी कोणाच्या डोक्यात नव्हती. या माणसाला दुसऱ्याची शैली शिकून घ्यायची आवड होती, हिंदुस्थानी असो नाहीतर नॉर्मन.

लंडनमध्ये त्याचं काय काम दिसतं?

व्हाइटहॉलमधलं अ‍ॅडमिरल्टी हाऊस, म्हणजे नौदलाच्या मुख्य खात्याच्या प्रमुखाचं घर, त्याचं, 1780 च्या दशकातलं. पण जास्त मोठा ठसा आहे तो जमिनींच्या प्लॅनिंगचा. फाउंडलिंग हॉस्पिटलच्या भोवतालच्या मोकळ्या जमिनीवर घरं बांधून उत्पन्न काढायचं ठरलं तेव्हा 1790 मध्ये त्याने प्लॅन दिला, त्यात मुख्य मुद्दा असा की मुलांच्या हॉस्पिटलला हवा आणि मोकळेपणा राहिला पाहिजे म्हणून दोन्ही बाजूंना चौक मोकळे ठेवायचे. तेच आजचे ब्रन्सविक स्क्वेअर आणि मेक्लेनबर्ग स्क्वेअर. पॅडिंग्टन भागातल्या बिशप ऑफ लंडनच्या जमिनीचाही प्लॅन त्याचाच.

फाउंडलिंगच्या कामावर मात्र नंतर टीका झाली, बिल्डर जेम्स बर्टनच्या घरांचा दर्जा खराब आहे आणि सर्व्हेयर म्हणून याने नीट लक्ष दिलं नाही असा आरोप संस्थेच्या काही लोकांनी केला, आणि 1808 मध्ये तो त्या पदावरून बाजूला झाला.

इतकं सगळं करून नाव का नाही झालं?

मला तीन कारणं दिसतात. नाव घेतलं की डायरीवाला आठवतो. भारतीय शैली म्हटलं की डॅनियल आणि नॅश आठवतात. आणि कॉकरेल म्हटलं की आठवतो त्याचा मुलगा, चार्ल्स रॉबर्ट कॉकरेल (1788 ते 1863), ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन म्युझियम बांधणारा, 1848 मध्ये आर्किटेक्चरचं पहिलं रॉयल गोल्ड मेडल मिळालेला, सेंट पॉल्सच्या सर्व्हेयरचं पदही बापानंतर त्याच्याकडेच गेलं. शिवाय सीझिनकोटसारखं दुसरं घर याने परत बांधलंच नाही, त्यामुळे 'कॉकरेल स्टाइल' असं काही तयार झालं नाही.

त्याच्या हाताखाली काम केलेला बेंजामिन लॅट्रोबसुद्धा त्याच्याहून कितीतरी प्रसिद्ध, तो 1796 मध्ये अमेरिकेला पोचला आणि वॉशिंग्टनच्या कॅपिटलवर, म्हणजे तिथल्या संसदेच्या इमारतीवर, काम केलं.

हे सगळं लुटीच्या पैशातून उभं राहिलं, मग आपण कौतुक का करायचं?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि यायलाच पाहिजे. पैसा कुठून आला ते लपवून या घरांबद्दल बोलणं मला पटत नाही. चार्ल्स आणि पॅक्स्टन ज्या बंगालमध्ये श्रीमंत झाले तिथे 1770 चा भीषण दुष्काळ पडून गेलेला होता आणि कंपनीची महसुलाची वसुली थांबलेली नव्हती. डेल्सफर्ड बांधलं जात असताना त्याच्या मालकावर बेगमांचा पैसा ओरबाडल्याचा आरोप खुद्द इंग्लंडमध्ये होत होता. कित्येक वर्षं या घरांवरच्या माहितीत 'भारतातून परतलेला श्रीमंत गृहस्थ' एवढंच लिहून मोकळे व्हायचे, ते चुकीचं होतं.

पण कॉकरेलचं कसब खोटं ठरत नाही. घारापुरीचा खांब घडवणारे हात आपल्याच मातीतले होते आणि त्याची ताकद हजारो मैलांवरच्या एका माणसाला कळली, ती त्याने नीट उतरवली. मला सीझिनकोट बघताना राग आणि आदर दोन्ही येतात, आणि एकासाठी दुसरं सोडून द्यावं असं वाटत नाही.

बघायला जाता येतं का?

सीझिनकोट खासगी आहे पण ठराविक मोसमात ठराविक वारी बाग आणि घर उघडतात, वेळा बदलतात तर जाण्याआधी त्यांची वेबसाइट बघूनच निघा. लंडनच्या पॅडिंग्टनहून मॉर्टन-इन-मार्शला थेट ट्रेन आहे, साधारण दीड तास, तिथून टॅक्सी किंवा चालायची हौस असेल तर शेतांतून पायवाट आहे. घर आतून बघायचं तर गाइडेड टूर असते. डेल्सफर्डचं घर बघायला मिळत नाही, पण गाव जवळच आहे आणि हेस्टिंग्जचं थडगं चर्चपाशी आहे. वेल्समधलं गार्डन आणि टॉवर बघायचे तर वेगळा दिवस ठेवा, लांब आहे.

इंग्लंडला जाणं शक्य नाही, तर?

कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये डॅनियलच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे, कॉकरेलच्या टेबलावर जे होतं ते तिथे बघता येतं. आणि मुंबईकरांनी घारापुरीला जाऊन मोठ्या लेण्यातले खांब निवांत बघावेत, सोमवार सोडून, कारण सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात लाँच कधीकधी बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करा.